सिंटरमध्ये टाकलं म्हणजे जस्त गेलं, असं होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ३५० घनमीटरची मिनी ब्लास्ट फर्नेस (ओअर वितळवून लोखंड काढणारी छोटी भट्टी) आहे, शेजारी ३३ चौरस मीटरचा सिंटर प्लांट (बारीक ओअर आणि धूळ भाजून फर्नेससाठी खडे करणारा) आहे आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्र्यांना जातं. परचेसवाल्यांनी तीन नमुने आणलेत: एलडी कन्व्हर्टरचा, म्हणजे ऑक्सिजन फुंकून पोलाद करणाऱ्या भांड्याचा, स्लज किंवा ओला गाळ (लोह ५८ टक्के, जस्त १.८), मिल स्केल, म्हणजे रोलिंगमध्ये पोलादावरून सुटणारी पापुद्र्यांची पूड (लोह ७१) आणि स्क्रॅप विजेनं वितळवणाऱ्या आर्क फर्नेसची डस्ट (लोह ३२, जस्त १९). तिन्ही जवळजवळ फुकट. शिवाय स्वतःच्या फर्नेसचा स्लज पाँडमध्ये पडलाय, त्यात ३ टक्के जस्त. मालकांचं म्हणणं, जस्त ९०७ अंशांना उकळतं, सिंटरच्या बेडमध्ये १३०० अंश असतात, म्हणजे ते उडूनच जाणार. मग टाकायला काय हरकत?

मालकांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. मी एकतीस वर्षं सिंटर आणि ब्लास्ट फर्नेसवर काढली. हाच युक्तिवाद मी तीन वेगवेगळ्या साहेबांच्या तोंडून ऐकला, आणि एकदा, सुरुवातीच्या काळात, स्वतःही केला. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी ९०७ चा घोटाळा. उकळतं ते धातुरूप जस्त. तुमच्या स्लजमध्ये आणि डस्टमध्ये ते असतं ऑक्साइडच्या किंवा झिंक फेराइटच्या (जस्त-लोहाच्या जोड ऑक्साइडच्या) रूपात, आणि ही मंडळी १३०० अंशांना निवांत घन राहतात. त्यांना उडवायचं तर आधी ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचं वातावरण हवं. सिंटरच्या बेडमध्ये ते मिळतं, पण फक्त कोक ब्रीझच्या (इंधन म्हणून मिसळलेल्या कोकच्या चुऱ्याच्या) जळत्या दाण्याला चिकटून, मिलिमीटरभर जागेत, मिनिट-दोन मिनिटं. तिथं थोडं जस्त सुटतं, वाफ होते. पण खालून पंखा हवा ओढतोय. वाफ दाण्यापासून हलली, की तिला ऑक्सिजनच ऑक्सिजन भेटतो. पुन्हा ऑक्साइड होतं आणि बारीक भुकटी होऊन खालच्या थंड, ओल्या थरात अडकून बसतं. थोड्या वेळानं ज्वाळेचा पट्टा तिथवर उतरतो, की पुन्हा तेच. ज्वाळा तळाला पोचते तेव्हा थोडंफार जस्त गॅसबरोबर निसटतं खरं. किती, ते कोकच्या प्रमाणावर, बेडच्या उंचीवर, मिक्समधल्या क्लोरीनवर अवलंबून. मी माझ्या हिशेबात ते शून्य धरायचो. निसटलं तर फायदा, नाही निसटलं तर फसगत नाही.

जस्ताची वाफ हवा लागायच्या आत पकडली तरच ते हाती लागतं, हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. उदयपूरजवळच्या जावरला मध्ययुगात वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या रचून, वाफ खाली नळीतून बंद जागेत उतरवून जस्त थंड करत असत. सिंटरच्या बेडमध्येही वाफ खालीच ओढली जाते, पण उघड्या हवेच्या झोतात. म्हणून जावरला जस्त मिळायचं आणि आपल्याला मिळत नाही.

म्हणजे सिंटर प्लांट जस्ताचा निव्वळ हमाल आहे. डस्टमधलं जस्त उचलायचं आणि फर्नेसच्या तोंडात नेऊन टाकायचं. तेव्हा ‘सिंटरमध्ये किती चालेल’ हा प्रश्न सोडा. खरा प्रश्न असा: एक टन हॉट मेटलमागे (वितळलेल्या लोखंडामागे) फर्नेसमध्ये किती ग्रॅम जस्त जातंय, आणि ते कुठल्या दारानं बाहेर पडतंय?

फर्नेसमध्ये गोष्ट उलटी. तिथं खाली कार्बन मोनॉक्साइडचं राज्य. ऑक्साइडचं जस्त होतं, वाफ होऊन वर चढतं. वरच्या थंड भागात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ भेटली, की परत ऑक्साइड होऊन ओअरवर, कोकवर, विटांवर बसतं. बर्डन (आत रचलेला सगळा माल) खाली सरकतो, जस्तही सरकतं, पुन्हा वाफ, पुन्हा वर. रहाटाच्या पोहऱ्यासारखं फिरत राहतं. आतल्या फेऱ्यातलं जस्त बाहेरून येणाऱ्या जस्ताच्या कित्येक पट होतं. विटांच्या सांध्यांत शिरलं की फुगतं, अस्तर फोडतं, ट्वीयर (गरम हवा आत सोडणारी तोंडं) कललेले दिसतात. भिंतीवर बसलं की कवच जमतं, मग बर्डन अडकतो आणि अचानक घसरतो. आणि एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पोटॅशियम-सोडियम वाढलं तर स्लॅगची (वितळलेल्या मळीची) बेसिसिटी, म्हणजे चुन्याचं प्रमाण, थोडी उतरवून ते स्लॅगमधून काढता येतं. जस्ताला तो मार्ग नाही. ते जाणार फक्त टॉप गॅसबरोबर (फर्नेसच्या वरून निघणाऱ्या गॅसबरोबर), म्हणजे तुमच्या डस्ट कॅचरमध्ये (जिथं कोरडी धूळ पडते) आणि स्क्रबरच्या (गॅस पाण्यानं धुणाऱ्या यंत्राच्या) स्लजमध्ये. तोच स्लज तुम्ही परत सिंटरमध्ये घालायला निघालाय.

मर्यादा किती? मोठ्या फर्नेसेस साधारण १०० ते १५० ग्रॅम प्रति टन हॉट मेटल धरून चालतात. मिनी फर्नेसचा टॉप गॅस जरा गरम असेल आणि गॅस मधून चांगला वर येत असेल, तर २०० पर्यंत ढकलता येतं. अस्तर जुनं असेल तर मी १५० च्या वर जाणार नाही. हे परिस्थितीवर आहे, आणि तुमचं अस्तर किती वर्षांचं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता तुमचेच आकडे घेऊ. तुम्ही लिहिलंय, कोरड्या मापानं टनामागे ४ किलो स्लज निघतो, त्यात ३ टक्के जस्त. म्हणजे १२० ग्रॅम. डस्ट कॅचरमधून १२ किलो, त्यात ०.३ टक्के, म्हणजे ३६ ग्रॅम. एकूण १५६ ग्रॅम वरून बाहेर पडतंय. फर्नेस स्थिर चालत असेल तर जेवढं बाहेर, तेवढंच आत. डस्ट कॅचरची डस्ट तुम्ही आजही सिंटरला परत देता, त्यातून ३६ ग्रॅम. उरलेले १२० ग्रॅम ओअर, कोक आणि फ्लक्समधून (चुनखडी वगैरेतून) गुपचूप येतायत. लॅबला ओअरमध्ये जस्त ०.००५ टक्के दिसतं, ‘नगण्य’ म्हणून सोडून देतात; पण टनामागे सव्वादोन टन माल आत जातो, तेवढ्याच टक्क्यानं त्याचे होतात ११२ ग्रॅम, म्हणजे जवळपास सगळेच.

थोडक्यात, बाहेरची एक गोणी यायच्या आधीच तुमचं बजेट संपलंय. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी ही ऑफर आहे.

पाँडचा स्लज परत वापरण्याचा हिशेब सोपा आहे आणि भीतिदायकही. बाहेर पडलेल्या जस्ताचा कितवा हिस्सा आपण परत आत घालतो ते काढा. एकातून तो वजा करा. ताज्या जस्ताला त्यानं भागा, की फर्नेसवरचा एकूण भार मिळतो. आज परतीचा हिस्सा १५६ पैकी ३६, म्हणजे ०.२३. १२० भागिले ०.७७ बरोबर १५६, जुळलं. उद्या अर्धा स्लज परत घातलात, तर हिस्सा होतो ०.६२ च्या आसपास आणि भार चढतो ३१२ वर. नव्वद टक्के घातलात तर १५६० ग्रॅम! आत येणारं जस्त तेवढंच आहे, बाहेरचं दार मात्र तुम्ही लावून घेतलंत. आणि हे काही एका दिवसात दिसत नाही. आठवडे जातात, कधी महिने. म्हणूनच माणूस फसतो.

तसा मी फसलोय. एका कारखान्यात, नाव सोडून द्या, पावसाळ्याआधी पाँड रिकामा करायचा हुकूम आला. स्लजमध्ये लोह ३५ टक्के, कार्बन ३० टक्के; मी खूश. कोक ब्रीझ वाचला, सिंटरचा खर्च उतरला, मासिक बैठकीत पाठ थोपटली गेली. जस्ताचा रकाना लॅबच्या रिपोर्टात होता; ते सिंटरमध्ये उडून जाणारच, असं म्हणून मी तो वाचलाच नव्हता. दोन-अडीच महिने काही नाही. मग बर्डन अडकायला लागला, आधी आठवड्यातून एकदा, मग शिफ्टमधून एकदा. टॉप प्रेशर कारण नसताना नाचायला लागलं. आम्ही कोकला दोष दिला, ओअरला दिला, चार्जिंगवाल्या पोराला दिला. शटडाउनमध्ये गॅसच्या अपटेकमध्ये (वरून गॅस नेणाऱ्या नळात) डोकावलो तर आतून हातभर जाडीचं कवच. तोडलं तेव्हा गरम तुकडा लिंबासारखा पिवळा होता आणि जमिनीवर पडून थंड होता होता पांढरा झाला. झिंक ऑक्साइडची ती खूण. माझ्याबरोबरचा फोरमन म्हणाला, ‘‘साहेब, पाँड रिकामा झाला खरा, पण इथं येऊन बसला.’’

आता तीन नमुन्यांकडे. टन हॉट मेटलमागे तुम्ही १.३ टन सिंटर घालता, ते धरून चालतो.

आर्क फर्नेसची डस्ट: नाही. टन सिंटरमागे ५ किलो, नुसती चिमूट, तरी हॉट मेटलमागे १२०० ग्रॅमच्या वर जस्त जातं. ह्यावर चर्चाच नको. ही डस्ट म्हणजे जस्ताचा कच्चा माल आहे, लोहाचा नव्हे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं स्क्रॅप वितळवलं की वरचं जस्त उडून तिच्यात येतं. तिची जागा व्हेल्झ किल्नमध्ये (फिरत्या आडव्या भट्टीत), जिथं कोकबरोबर फिरवून जस्त मुद्दाम उडवतात आणि बॅग फिल्टरमध्ये पकडतात. शिवाय ती धोकादायक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीची नोंद), सगळं लागतं. विकणारा ‘आयर्न बेअरिंग मटेरियल’ असं चलन फाडून देईल. सही तुमची असेल.

एलडी स्लज: असा आहे तसा नको. टन सिंटरमागे ३० किलो घातलात तर हॉट मेटलमागे ७०० ग्रॅम जस्त. पण इथं एक प्रश्न विकणाऱ्याला विचारा: तुम्ही जाडा आणि बारीक वेगळा काढता का? कन्व्हर्टरच्या गॅसमधून आधी जाडे, जड दाणे पडतात. त्यांत लोह भरपूर, जस्त फारच कमी. जस्त बसतं ते बारीक कणांवर. जाडा भाग ०.२ टक्के जस्ताचा मिळाला, तर २० किलोमागे पन्नासेक ग्रॅमच वाढतात. आज तुमच्याकडे तेवढीही जागा नाही, पण स्वतःचं घर आवरल्यावर होईल. घेतलात तर दोन सांभाळायच्या गोष्टी. त्यात धातुरूप लोह असतं, वाळत आलं की ढीग आपोआप तापतो. मी वाफा निघताना पाहिल्यात. आणि चुना असतो, तो मिक्सिंग ड्रममध्ये भिजत बसतो, ओलाव्याचा अंदाज चुकवतो. फॉस्फरसही बघा. जस्त निदान वरून निघून जातं; फॉस्फरस जवळजवळ सगळा मेटलमध्ये उतरतो, आणि एसजी आयर्न (फॉस्फरस न चालणारं चिवट ओतीव लोखंड) ओतणारा गिऱ्हाईक लगेच फोन करतो.

मिल स्केल: घ्या, डोळे झाकून नाही पण घ्या. लोह भरपूर, जस्त नावापुरतं. त्यातलं लोह पूर्ण ऑक्सिडाइज झालेलं नसतं, ते बेडमध्ये जळून स्वतःची उष्णता देतं, त्यामुळे ब्रीझ थोडा उतरवता येतो. इथं शत्रू आहे तेल. रोलिंगच्या पाण्यातून तेल येतं, सिंटर बेडमध्ये ते जळत नाही, ज्वाळा पोचायच्या आधीच वाफ होऊन गॅसबरोबर निघतं आणि ईएसपीच्या (विजेनं धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या) प्लेटवर बसतं. मग एखाद्या रात्री ईएसपीच्या हॉपरमध्ये आग. स्केलमध्ये तेल अर्ध्या टक्क्याच्या आत आणि एकूण मिक्समध्ये ०.१ टक्क्याच्या आत ठेवा. सेटलिंग टँकच्या तळाचा तेलकट गाळ ‘स्केल’ म्हणून पाठवतात. हातावर घेऊन चोळा, बोटं काळी-बुळबुळीत झाली की ट्रक परत.

कुणीतरी हुशार माणूस तुम्हाला सुचवेल, की मिक्समध्ये थोडं कॅल्शियम क्लोराइड टाका, झिंक क्लोराइड ७३२ अंशांना उकळतं, मग भोवती ऑक्सिजन असला तरी जस्त क्लोराइड होऊन उडून जाईल. रसायनशास्त्र चुकीचं नाही. पण ते क्लोराइड तुमच्या पंख्याची पाती खातं, ईएसपीची पकड बिघडवतं आणि सिंटरच्या गॅसमध्ये डायऑक्सिन वाढवतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्याच कारणानं, ईएसपीच्या शेवटच्या फील्डची (कप्प्याची) धूळ मिक्समध्ये परत देत असाल तर थांबवा. तिच्यात पोटॅशियमचं आणि शिशाचं क्लोराइड जमतं, तेही असंच फिरत राहतं.

मग पाँडच्या स्लजचं करायचं काय? मोठ्या कारखान्यात मी हायड्रोसायक्लोन (गाळ गरगर फिरवून बारीक आणि जाडे कण वेगळे करणारं यंत्र) लावायला सांगितलं असतं. जस्त बारीक कणांवर असल्यामुळे वरच्या पातळ प्रवाहात ते जातं आणि खालच्या जाड प्रवाहात कार्बन-लोह उरतं. समजा तुमच्या स्लजपैकी ६५ टक्के माल आणि त्यातल्या एकूण जस्तापैकी ३० टक्के जस्त खालच्या बाजूला आलं आणि तेवढंच तुम्ही परत घातलंत. वरचं सूत्र लावा, भार येतो २२३ ग्रॅम. म्हणजे सायक्लोन लावूनही तुम्ही मर्यादेबाहेरच. आणि तुमचा स्लज दिवसाला जेमतेम अडीच टन. त्यासाठी पंप, टाक्या, फिल्टर प्रेस? मी नाही करणार. तुमचा स्लज हेच तुमच्या फर्नेसचं बाहेरचं दार आहे, ते उघडं राहू द्या. जवळच्या सिमेंट प्लांटला लोहाची कमी भरून काढायला असा माल चालतो का ते विचारा, कार्बनचा त्यांना फायदाच होतो. मात्र जस्त फार झालं तर सिमेंट उशिरा घट्ट होतं, म्हणून तेही मोजूनमापूनच घेतील, आणि परवानगी त्यांनाही लागते. झिंक सल्फेटवाल्यांकडे जाऊ नका, ३ टक्क्यांना ते हसतील.

डस्ट कॅचरची डस्ट मात्र देत राहा. तिच्यात कार्बन आहे, लोह आहे आणि जस्त कमी आहे. एकच चूक सगळे करतात: डस्ट वाढवतात आणि ब्रीझ तेवढाच ठेवतात. ३५ टक्के कार्बनची १५ किलो डस्ट म्हणजे सव्वापाच किलो कार्बन. तो ब्रीझमधून कमी केला नाही तर बेड वितळून घट्ट होतो, हवा जात नाही आणि माणसं ओलाव्याला शिव्या देत बसतात. पूर्ण सव्वापाच किलो कापू नका. डस्टमधला कार्बन बारीक असतो, तो ब्रीझच्या दाण्यासारखा टिकून जळत नाही. मी सत्तर-ऐंशी टक्के धरायचो आणि सिंटरचा एफईओ (फेरस ऑक्साइडचा टक्का, बेड किती तापला ते सांगणारा) बघून पुढचं ठरवायचो.

तुम्ही शेवटी विचारलंय, की परदेशात असा कचरा सिंटर करून वापरणारे कारखाने आहेत ना? आहेत, आणि त्यातलं जर्मनीतल्या ड्युइसबुर्गचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. १८७६ मध्ये ड्युइसबुर्गर कुपफरह्युट्टं नावानं तो कारखाना सुरू झाला. गंधकाम्लाच्या कारखान्यांतून उरलेली पायराइटची राख घ्यायची, त्यातून तांबं वगैरे काढायचं आणि उरलेल्या लोहाचं पिग आयर्न करायचं, हा धंदा. १९८३ पासून त्यांनी डीके नावानं पोलाद कारखान्यांच्या धुळी आणि स्लज घ्यायला सुरुवात केली, त्या सिंटर करायच्या आणि छोट्या ब्लास्ट फर्नेसमध्ये घालायच्या. बाहेर फाउंड्रीचं पिग आयर्न, अगदी तुमच्यासारखं. पण त्यांच्या फर्नेसवर जस्ताचा भार नेहमीच्या मर्यादेच्या शंभर पटींहून जास्त! हे कसं चालायचं? त्यांनी दार पूर्ण उघडं ठेवलं. कोक बराच जास्त जाळायचा, वर गॅस गरम ठेवायचा, म्हणजे जस्त आत न रेंगाळता गॅसबरोबर निघून जाईल. स्क्रबरमध्ये जो गाळ मिळायचा त्यात साठ टक्क्यांहून अधिक जस्त, तो थेट जस्त गाळणाऱ्यांना विकायचा. शिवाय धूळ घेण्याचे पैसे आधीच पोलाद कारखान्यांकडून घ्यायचे. कोकचा जादा खर्च ह्या दोन्हींतून भागायचा. सिंटर प्लांटनं तिथंही जस्त काढलं नाही. त्यानं फक्त धुळीचे खडे करून दिले. तुमच्या मालकांना तो धंदा करायचा असेल तर तो सगळा धंदाच वेगळा आहे, परचेस विभागानं स्वस्त माल मिळवण्याची ती गोष्ट नव्हे.

मालकांशी वाद घालत बसू नका, एक चाचणी करा. लागोपाठ सात दिवस, दर शिफ्टला मिक्सचा आणि त्यातून निघालेल्या सिंटरचा नमुना घ्या, रोजचा एकत्र करा आणि जस्त काढा. एक नमुना घेऊन निष्कर्षावर जाऊ नका, डस्टचं जस्त दिवसागणिक बदलतं. आणि एका सापळ्यापासून जपा: मिक्समधला कार्बन जळतो, चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड जातो, वजन घटतं. म्हणजे जस्त अजिबात गेलं नाही तर सिंटरमधला टक्का मिक्सपेक्षा वाढलेला दिसायला हवा. कोरड्या मिक्सचं भाजल्यावर वजन १२ टक्के घटत असेल तर ०.०२२ चा ०.०२५ व्हावा. दोन्हीकडे टक्का सारखाच आला, तर थोडं जस्त खरोखर निसटतंय. इतका बारीक फरक तुमच्या एक्सआरएफला (लॅबच्या क्ष-किरण यंत्राला) झेपेल असं वाटत नाही, नमुने एएएसवर (अणुशोषण पद्धतीच्या जास्त अचूक यंत्रावर) करून घ्या.

निकाल आला की लिहा, आणि त्याबरोबर तीन गोष्टी कळवा: टॉप गॅसचं सरासरी तापमान, अस्तराचं वय आणि गेल्या तीन महिन्यांत बर्डन किती वेळा अडकला. त्यावरून मला सांगता येईल की तुमची मर्यादा १५० धरायची की १८०.